पूर्वीच्या जागी

निळ्या पेन्सिलीने काढलेला तो गोल पुरता मिटलेला नव्हता. खालच्या अंगाला जरासा उघडा राहिला होता, आणि आतला शब्द त्या फटीतून बाहेर सटकू पाहतोय असं गंगाराम शिवलकरला उगीचच वाटलं. शब्द होता ‘सेग्रिगेटेड’. शेजारी समासात आगाशे शिरस्तेदारांच्या बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘सौम्य शब्द घालावा.’ बस्स, एवढंच. गंगारामने कागद पालथा केला, पुन्हा उताणा केला. कानांच्या पाळ्या तापल्या. बारा वर्षं तो या कचेरीत बसून लोकांचे मराठी अर्ज इंग्रजीत आणि साहेबांचे इंग्रजी हुकूम मराठीत उतरवत होता, आणि बारा वर्षांत त्याच्या भाषांतरावर कुणी पेन्सिल टेकवली नव्हती. साहेब बदलत, शिरस्तेदार बदलत, कौलं बदलत. ट्रान्सलेटर शिवलकरचं इंग्रजी तेवढं कायम होतं. समोरचे कारकून माना खाली घालून लिहीत होते. पण कागद आपल्याकडे येण्याआधी टेबलाटेबलावरून फिरलाय आणि तो गोल सगळ्यांनी डोळे भरून पाहिलाय, अशी त्याची खात्री होऊन बसली.

अर्ज साधाच होता. खाडीपलीकडल्या एका गावच्या महारवाड्यातला काशीराम विठू, लढाईच्या वेळी बसऱ्याला मजूर पलटणीत जाऊन आलेला, याने कुणाकडून तरी लिहवून घेतला होता. ‘माझी मुलगी नामे चिमा, वय वर्षे नऊ, हिला शाळेत मास्तर वेगळी बसवतात. वर्गात घेत नाहीत. ती पडवीत बसून खिडकीतून ऐकते. पावसाची झड येते तेव्हा पाटी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करते. तरी तिला तिसरीचं सगळं पुस्तक येतं. सगळ्या जातींच्या मुलांना वर्गात एकत्र बसवावं असा सरकारचा ठराव आहे तो मास्तरांनी पाळावा.’ अर्जाला मास्तरांचा खुलासा टाचलेला होता: मुलगी पडवीत स्वखुशीने बसते, तिथे वारा बरा. खुलासा वाचून गंगारामला हसू आलं होतं आणि त्याच हसण्याच्या भरात त्याने काशीरामच्या ‘वेगळी बसवतात’चं इंग्रजी करून टाकलं होतं. विचार करावाच लागला नव्हता. पिकलेलं फळ हातात यावं तसा शब्द आला होता. आता त्याच शब्दाकडे पाहताना त्याला वाटलं, विचार न करता आला म्हणजेच तो खरा होता.

मराठीतला वेगळा हा शब्द मोठा लबाड. भाऊ घरातून वेगळा निघतो, तोही वेगळाच. कलमाच्या एका फांदीचा आंबा चवीला वेगळा लागतो, तोही वेगळाच. आणि पडवीत बसवलेली पोर, तीही वेगळीच. कुणी केलं, कशासाठी केलं, याचा शब्दात मागमूस नाही. इंग्रजीचं तसं नाही. हायस्कुलात त्याला इंग्रजी शिकवणारे म्हातारे मास्तर सांगत, दोन शब्दांचा अर्थ कधीच एक नसतो. एक असता तर त्यातला एक केव्हाच मेला असता. माडावर चढून माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या पोराला, गंगारामला, हे वाक्य एखाद्या मंत्रासारखं लागलं होतं. तेव्हापासून तो शब्द गोळा करत आला होता, आणि का कोण जाणे, त्यात दूर बसलेल्यांचेच शब्द जास्त जमले. टेकडीवरच्या राजवाड्यात आणून नजरकैदेत ठेवलेल्या परमुलखातल्या राजाच्या जुन्या कागदांत त्याला ‘इंटर्न्ड’ भेटला. महारोग्यांच्या इस्पितळाच्या अहवालात ‘आयसोलेटेड’. तुरुंगाच्या कागदांत ‘सॉलिटरी’. मठात जाऊन बसलेल्या कुणा संन्याशाच्या वारसाहक्काच्या भांडणात ‘सिक्लूडेड’. साहेबलोकांच्या क्लबाबद्दल एका निमंत्रणात ‘एक्सक्लूसिव’. त्या शब्दाला तर अत्तराचा वास होता. सगळी माणसं दूर बसलेली. पण बसवलं कुणी, कशापायी, आणि वाटलं तर उठून येण्याची मुभा कुणाला, एवढ्यावरून शब्द पालटत होता. स्वतःसाठी त्याने एक शब्द निवडून ठेवला होता, ‘अलूफ’. जो आपल्या मर्जीने चार हात दूर राहतो तो अलूफ. कचेरीत पाण्याचा माठ कोपऱ्यात होता. बाकीचे कारकून स्वतःच्या हाताने घेत. गंगारामला शिपाई वरून ओतून देई आणि त्याचा पेला खिडकीत निराळा पालथा असे. सुरुवातीच्या वर्षी आगाशांनी स्वतःच हसून सांगितलं होतं, “शिवलकर, तुमचं निराळं ठेवलंय हो.” किती गोड आवाज होता तो! तेव्हापासून गंगाराम कचेरीत पाणी कमी पीत होता आणि फारसं कुणाशी बोलत नव्हता, आणि याला अलूफ म्हणतात अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

तो उठून आगाशांच्या टेबलाशी गेला. आगाशे चांगला माणूस. आवाज कधी चढायचा नाही. गंगारामला त्यांनी स्वतःचा मोठा इंग्रजी कोश वापरायला दिला होता.

“रावसाहेब, यात चूक काय आहे?”

“चूक नाहीच मुळी,” आगाशे चष्मा पुसत म्हणाले. “शब्द बरोबर आहे म्हणून तर गोल केला. सेग्रिगेटेड म्हटलं की ठराव आला. ठराव आला की चौकशी आली, शाळेची सरकारी मदत बंद झाली, शाळा बुडाली. सत्तर मुलं घरी बसतील, शिवलकर. त्या मुलीसकट.”

“पण अर्जदार तेच म्हणतोय.”

“अर्जदार ‘वेगळी’ म्हणतोय. तुम्ही त्याच्यापुढे पाऊल टाकलंत.” आगाशांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अपार्ट लिहा. सिट्स अपार्ट. किंवा दुसरं काही. तुम्हाला का मी सांगायला हवं? चारपर्यंत द्या, साहेबांची डाक निघेल.”

सिट्स अपार्ट. म्हणजे ती बसते. उठून गेली, चटई टाकली आणि बसली. मास्तरांच्या खुलाशातला सगळा वारा या दोन शब्दांत खेळत होता. गंगाराम जागेवर आला. आणि मग त्याला बोलायचं होतं ते सगळं सुचलं, एकामागून एक, मुद्देसूद. तोवर आगाशांनी दुसरं दप्तर सोडलं होतं.

दुपारी तो जेवायला पेठकिल्ल्याकडल्या घरी गेला. उन्हाने जांभ्याचा रस्ता तापून लाल झाला होता. चालताना तो शब्द पुटपुटत होता आणि प्रत्येक शब्दापाशी अडत होता. घरात शिरताना त्याला मालन दिसली. त्याची बायको मागल्या पडवीत घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती, म्हणजे आज दुसरा दिवस. आई, गोदूबाई, चुलीपाशी होती. तिने त्याला तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं कालवण वाढलं. मग मालनचं ताट नेऊन पडवीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि पाण्याचा तांब्या पायाच्या अंगठ्याने पुढे सरकवला. तांब्या जमिनीवर खर्रकन वाजला. हा आवाज गंगाराम लग्न झाल्यापासून दर महिन्याला ऐकत होता. आज घास तोंडातच राहिला. आई बाहेर हात धुवायला गेली तसा तो ताटावरून उठला आणि उंबऱ्याशी उभा राहिला.

“तिथं बसून तुला काय वाटतं गो?”

मालनने चमकून वर पाहिलं. पंधरा वर्षांत त्याने असं काही विचारलं नव्हतं. “काय वाटायचाय? आज काय झालाय तुमाला?”

“सांग तरी.”

तिने ताट जवळ ओढलं. मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “पयल्या दिशी बरा वाटतां. पाठ टेकते. कुणी हाक मारीत नाय. वाटतां, असाच पडून ऱ्हावां.”

“आणि मग?”

“मग तांब्या येतो.” तिने तांब्याकडे पाहिलंही नाही. “जाग्याचा काय नाय वो. जागा हीच. बाकीच्या दिवशीं मी हितंच तांदूळ निवडते.”

त्याला तिथेच खाली बसावंसं वाटलं. पण आईची पावलं वाजली आणि तो पुन्हा ताटावर येऊन बसला. परत कचेरीकडे जाताना त्याचा राग अधिकच वाढला होता, आणि तो नेमका कुणावर आहे हे त्याला कळत नव्हतं. एकच जागा, एकच बाई, पहिल्या दिवशी एक शब्द आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. हे साहेबाला कुठल्या इंग्रजीत सांगायचं?

तो टेबलाशी आला तेव्हा कचेरीच्या मागल्या अंगाला, त्याच्या खिडकीखाली, काशीराम उभा होता. गंगारामने त्याला ओळखलं ते त्याच्या खाकी कोटावरून. त्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या चढायची मुभा नव्हती, पण उभं राहण्याची ढब पलटणीतली होती. वय पन्नाशीच्या आसपास, मिशा कापलेल्या.

“भाऊसाहेब, माजा अर्ज तुमच्याकडं आला म्हनतत.”

“आलाय. आज जाईल.”

“तुमी इंग्रजी केलंत ना त्याचं? काय शबूद घातलात?”

गंगारामला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. अर्जदाराला शब्द कशाला हवा? तो गुरकावून म्हणाला, “तुला काय कळणार आहे?”

“एक कळतो.” काशीराम शांतपणे म्हणाला. “बसऱ्याला उतरलो तेव्हां बोटीवर देवी निघाल्या व्हत्या. आमाला समद्यांना सेग्रिगेशन क्यांपात घातलान. काट्यांची तार. चौदा दिस. आमी व्हतो, पठाण व्हते, दोन गोरे पन व्हते. समदे एकाच तारेत. पंधराव्या दिशी गोऱ्या डाक्टरान नाव वाचलान आनि समद्यांना सोडलान.” तो थांबला. “माज्या पोरीला तिसरं वरीस चाललाय, भाऊसाहेब. तिचे चौदा दिस कवा भरतत?”

गंगारामच्या मागे टेबलावर तो कागद पडला होता. खिडकीच्या गजावर त्याने हात ठेवला होता, गज तापलेला होता. “बरोबर शब्द घातलाय,” तो म्हणाला. त्या क्षणी ते खोटं नव्हतं. गोलातला शब्द अजून खोडला गेला नव्हता. काशीरामने मान हलवली आणि तो भाट्याच्या तरीकडे, खाडी ओलांडायच्या होडीकडे, चालू लागला.

चार वाजायला आले. अपार्ट लिहायचं नाही असं त्याने ठरवलं. तेवढी लाज त्याच्यात होती. सेग्रिगेटेड ठेवायचा म्हणजे कागद आगाशांच्या टेबलावरून परत येणार, कोश परत मागितला जाणार, आणि उद्यापासून त्या गोड आवाजातलं ‘शिवलकर’ निराळ्या सुरात ऐकू येणार. तेवढं धैर्यही त्याच्यात नव्हतं. आणि मग दोहोंच्या मधे त्याला ‘आयसोलेटेड’ दिसला. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं बेट आहे हे त्याला ठाऊक होतं. चहूकडून पाणी, मधे एकटी पोर. दोष कुणाचा नाही, पण वाचणाऱ्याला दया यावी. मास्तर सुटले, ठराव बाजूला राहिला, आणि पोरीचं दुःखही कागदावर उतरलं. आपण किती चतुर आहोत असं त्याला वाटलं. ‘इज केप्ट आयसोलेटेड इन द व्हरांडा.’ आगाशांनी वाचून मान डोलावली. “बघा, तुम्हालाच सुचणार होतं.” त्या संध्याकाळी गंगाराम घरी जाताना जवळजवळ आनंदात होता, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्या आनंदाचीच सगळ्यात जास्त चीड आली.

नवव्या दिवशी हुकूम आला. साहेब या मुलखात नवे होते आणि दौऱ्यावर निघण्याआधी त्यांनी सगळी डाक हातावेगळी केली होती. हुकूम असा होता की सदर मुलीला कुठला रोग आहे याचा अर्जात उल्लेख नाही. आयसोलेट करण्याइतका संसर्गजन्य रोग असेल तर पडवीतसुद्धा बसू देणं इतर मुलांना धोक्याचं आहे. सबब डॉक्टरांनी तपासून दाखला देईपर्यंत तिला शाळेच्या आवारात येऊ देऊ नये. गंगारामने तो दोनदा वाचला. मग तो आगाशांकडे धावला. “साहेबांचा गैरसमज झालाय.” आगाशांनी वाचलं, ओठ घट्ट मिटले. “साहेब पंधरा दिवस दौऱ्यावर. हुकूम अडवायचा मला अधिकार नाही, तुम्हालाही नाही.” आणि हुकुमाचं मराठी करायचं ते गंगारामनेच. त्याने केलं. अचूक केलं. एकाही शब्दाला कुठे धक्का लागू दिला नाही. सही झाली, शिक्का बसला, आणि शिपाई तो कागद घेऊन तरीत बसून खाडीपलीकडे गेला.

तपासणीच्या दिवशी तो दुपारच्या सुट्टीत सरकारी दवाखान्याच्या आवारात गेला. जायची काहीच गरज नव्हती. काशीराम एका जांभ्याच्या गडग्याशी उभा होता आणि गडग्यावर एक काळीसावळी, दात पुढे असलेली पोर पाय हलवत बसली होती. म्हणजे ही चिमा. कागदावर बारा वेळा लिहिलेलं हे नाव. त्याला पाय असतील, ते असे हलत असतील, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती दवाखान्याची पाटी मोठ्याने वाचत होती आणि जोडाक्षरावर जोर देत होती.

“डाक्टरान टाचनी टोचलान,” तिने त्याला आपणहून सांगितलं. “डोळं मिटायला लावलान आनि म्हनलान, टोचलं की सांग. मना गुदगुल्या झाल्या.”

“काही नाही निघालं,” गंगाराम काशीरामला म्हणाला. विचारावं तसं नव्हे, सांगावं तसं.

“नाय. डाक्टर म्हनला, ठणठणीत हाय. दाखला लिवून धाडतो म्हनला.” काशीरामने पोरीकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. “पन वाडीत महारोगाचा समज झालाय, भाऊसाहेब. सरकारानंच लिवलाय म्हनल्यावर? आमच्याच बायका इहिरीवर तिची कळशी बाजूला काढून ठेवतत. आमच्याच. मास्तरान पडवीत बसवलान तेव्हां समदी वाडी तिच्या बाजूची व्हती. आता माज्या भैनीची पोरं पन तिच्यासंगती खेळत नायत.” मग त्याने थेट गंगारामच्या डोळ्यांत पाहिलं. “माजी पोर आजारी हाय, असं कुनी लिवलान?”

गंगारामला सगळं आठवलं. बेट, दया, गोल, चार वाजताची डाक. “कचेरीत चूक झाली,” तो म्हणाला.

“कचेरीत म्हंजे कुनाकडनं?”

गंगारामने दवाखान्याच्या पाटीकडे नजर वळवली.  काशीरामने चिमाला गडग्यावरून खाली उतरवलं.

साहेब परतले त्या सकाळी गंगाराम त्यांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. शिपायाने अडवलं, आगाशांनी खुणेने नको म्हटलं, तरी राहिला. ट्रान्सलेटर कधी आत जात नसे. त्याचे कागद जात. साहेब तिशीतला, उन्हाने नाक सोललेला, वागायला सभ्य. गंगारामने रात्रंदिवस घोकलेलं इंग्रजी त्याच्यापुढे मांडलं: अर्जातल्या शब्दाला आपण चुकीचा शब्द योजला, मुलीला रोग नव्हता आणि नाही, तिला आयसोलेट केलं नव्हतं, सेग्रिगेट केलं होतं, एकात माणसाला रोगामुळे दूर ठेवतात, दुसऱ्यात जातीमुळे, पहिल्यात दोष शरीराचा असतो आणि दुसऱ्यात— इथे त्याला शब्द मिळेना. साहेब कान देऊन ऐकत होता. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि अगदी मनापासून विचारलं, “पण ती पडवीतच बसत होती ना? मग एकूण एकच झालं की.” आणि गंगारामच्या चेहऱ्याकडे पाहून समजुतीच्या सुरात पुढे म्हणाला, “तुमचं इंग्रजी उत्तम आहे. उगाच त्रास करून घेऊ नका. दाखला आला की मी तिला परत घ्यायला सांगतो.”

एकूण एकच. गंगाराम बाहेर आला तो थेट मागल्या आवारात गेला आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. हसावं की ओरडावं हे त्याला कळेना. आयुष्यभर ज्या घरातली भांडी तो निवडून, घासून, पुसून मांडत आला होता, त्या घराचा मालक आला आणि म्हणाला, कशातही पाणी प्या हो. त्या म्हाताऱ्या मास्तरांचा त्याला राग आला. आगाशांच्या कोशाचा आला. रात्री कंदिलाच्या उजेडात लिहून काढलेल्या पानापानांचा आला. पण सगळ्या रागांच्या खाली एक बारीक, थंडगार गोष्ट होती आणि तिला काही केल्या राग म्हणता येत नव्हतं. साहेबाला फरक कळत नव्हता. ज्याला लख्ख कळत होता त्यानेच तो दुसरा शब्द लिहिला होता.

दाखला यायला दोन महिने लागले, आणि त्यानंतर चार दिवसांनी हुकूम आला. दोन ओळी. मुलगी निरोगी असल्याने तिला शाळेतील तिच्या पूर्वीच्या जागी बसू द्यावे. गंगारामने टाक उचलला. पूर्वीच्या जागी म्हणजे पडवीत. खिडकीखाली. तीन महिने, टाचणी, कळशी, आणि एवढं सगळं होऊन पुन्हा तिथेच. शिवाय आता सरकारच्या शिक्क्यानिशी. त्याने टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं: ‘मुलीस कोणताही रोग नसल्याने तिला वर्गात, तिच्या इयत्तेच्या मुलांमध्ये बसवावे.’  अक्षर नेहमीसारखंच आलं. बारा वर्षांत जाणूनबुजून केलेली ही त्याची पहिली चूक होती, आणि लिहून झाल्यावर त्याने ती शांतपणे टिपकागदाने टिपली.

आगाशे मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचत. त्यांचं बोट इंग्रजी ओळीवरून सरकलं, मराठी ओळीवर आलं आणि थांबलं. गंगाराम टेबलापुढे उभा होता.

“यात ‘पूर्वीच्या’ कुठं आहे?”

“नाही.”

“आणि वर्ग कुठून आला?”

“मी घातला.”

आगाशांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. “हे तुमच्या अंगावर येईल, शिवलकर. शाळा कमिटी गप्प बसायची नाही. मूळ कागद मागवतील.”

“येऊ दे. गेल्या खेपेला ते पोरीच्या अंगावर आलं.”

  आगाशांनी निळी पेन्सिल उचलली, परत ठेवली, आणि शाईने कोपऱ्यात आपली आद्याक्षरं केली. “मी मराठी वाचलं नाही,” ते खालमानेने म्हणाले. “वाचलं असतं तर मला सही करता आली नसती.” त्या दिवसानंतर त्यांनी गंगारामकडे कोश परत मागितला नाही आणि त्याच्याशी कामापलीकडे बोललेही नाहीत.

अंगावर आलं ते दोन महिन्यांनी. कमिटीची तक्रार आली, मूळ कागद निघाला, दोन्ही ओळी साहेबांपुढे ठेवल्या गेल्या. साहेबांनी शेरा मारला की ट्रान्सलेटरचा निष्काळजीपणा दिसतो. मात्र वर्गात बसलेली मुलगी पुन्हा उठवण्यात शोभा नाही, ठरावही तसाच आहे, तेव्हा आहे तसं राहू द्यावं. गंगारामला भाषांतराच्या टेबलावरून उठवून मागल्या दप्तरखान्यात धाडलं. तिथे खिडकी उंच होती आणि कागदांना वाळवी लागलेली होती. निष्काळजीपणा हा शब्द त्याला फार लागला. आपण आयुष्यात पहिल्यांदा काळजी घेतली आणि त्याला नेमका हा शब्द मिळावा! शब्द बदलून मागावा असं त्याला दोन दिवस वाटत राहिलं. मग वाटेनासं झालं.

चैत्रातल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर, काशीराम त्याला तरीच्या धक्क्यावर भेटला. ओहोटी होती. होडी लांब चिखलात कलंडली होती आणि पाणी चढेपर्यंत कुणालाच पलीकडे जाता येणार नव्हतं.

“बसवलान आत,” काशीराम म्हणाला. आभाराचा सूर नव्हता. “पन बाकीची पोरं उठली आनि पल्याडच्या भिंतीला जाऊन बसली. ही ह्या भिंतीला. मधी अख्खा वर्ग मोकळा. मास्तर तिची पाटी हातात घेत नाय. लांबनं बघतो, मान हलवतो, झालं. पोर म्हनते, बाबा, पडवीत बरी व्हते. तिथं वारा तरी व्हता, रस्त्यावरची मानसां दिसत.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आत बस. वारा नसला तरी आत बस.” काशीरामने कोटाच्या खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला. “दुसरा अर्ज करायचा हाय. मराठीत लिवला तर पुन्ना कुनाच्या तरी हातनं जायाचा. तुमी इंग्रजीतच लिवा. हितंच.”

“मी आता त्या टेबलावर नाही, काशीराम.”

“ठाव हाय. म्हनून तर आलो.”

गंगारामने धक्क्याच्या दगडावर रुमाल पसरला, वर कागद ठेवला. मग तो थांबला. आजवर त्याने दुसऱ्याचं लिहिलेलंच लिहिलं होतं. कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य कसं टाकायचं ते त्याला येत नव्हतं. सवयीने शब्द येऊन उभे राहिले, एकामागून एक, प्रत्येक जण मला घे म्हणत. “आधी सांगून टाकतो,” तो कागदावरून नजर न उचलता म्हणाला. “पोर आजारी आहे असं वाटेल तो शब्द मीच लिहिला होता. मीच.”

 खाडीच्या चिखलात बगळे चालत होते. काशीराम त्यांच्याकडे पाहत म्हणाला, “माला त्या दिशी दवाखान्यातच कळलं व्हतं. तुमी आलात म्हनून.” आणि मग, तितक्याच कोरड्या आवाजात, “लिवा.”

“वर्गाची लांबी किती?”

“माजी बारा पावलां.”

गंगारामने लिहायला सुरुवात केली. वर्ग बारा पावलं लांब आहे. माझी मुलगी या भिंतीशी बसते. बाकीची तेवीस मुलं त्या भिंतीशी बसतात. मास्तर तिच्यापासून चार हातांवर उभे राहतात. तिची पाटी ते हातात घेत नाहीत. तिचं उत्तर बरोबर आलं तर ते तसं म्हणत नाहीत. कोशातला एकही शब्द त्याने घेतला नाही. इंग्रजी दुसरी शिकणाऱ्याला वाचता येईल असं ते इंग्रजी होतं, आणि लिहिताना प्रत्येक ओळ तो मराठीत मोठ्याने सांगत होता, काशीराम मान हलवत होता किंवा “तेवीस नव्हं, बावीस, येक आजारी हाय,” असं म्हणत होता आणि गंगाराम खोडून नीट करत होता. शेवटी काशीरामने अंगठा लावायला बोट पुढे केलं, मग मागे घेतलं आणि पलटणीत शिकलेली आपली सही सावकाश, जीभ दातांत धरून केली. त्याच्या खाली गंगारामने मराठीत लिहिलं, ‘लिहिणार गंगाराम बाबाजी शिवलकर, दस्तुरखुद्द’. तारीख घातली. पाणी चढू लागलं होतं, तांडेलाने हाक दिली. शाई ओली होती म्हणून काशीरामने कागदाची घडी घातली नाही. दोन्ही हातांनी समोर उघडा धरून तो होडीकडे चिखलातून चालत गेला.